हाकेतला षड्ज

तुम्ही मुलगी पाहायला गेला होतात, तेव्हा बशीतला केसरीभात संपवून, रुमालाला हात पुसत तिला म्हणालात ना, "एखादं गाणं येतं का?" मग ती गायली. काय गायली, आठवतं?

नाही आठवत. मला खात्री आहे. अशा बैठकींच्या वेळी मी आतल्या दाराशी उभी राहून सगळ्यांची तोंडं पाहिली आहेत. गाणं कोणीच ऐकत नव्हतं. मुलगी तोतरी नाही ना, तिला दमा नाही ना, चार माणसांत मान खाली घालून बसते ना, एवढं पाहून घ्यायचं होतं. त्याला एक गाणं पुरतं. त्या एका गाण्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज गेला, आणि ज्या बाईंनी तो घडवला त्यांची सगळी कमाई त्याच्याबरोबर गेली. ती हकीकत मला सांगायची आहे.

आमचं बिऱ्हाड बंगळूरला, चिकपेटच्या मागच्या बाजूला एका वठारात होतं. मधे अंगण, अंगणात विहीर, भोवती कौलारू खोल्यांची रांग. म्हैसूर राज्य मोठं व्हायच्या आधीची ही गोष्ट. वठारात मराठी घरं दोनच, बाकी सगळे कन्नड. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून आमची मराठी घरापुरती, आणि घरातही अर्धी शेजाऱ्यांची. वडील म्हणजे अण्णा, थोरली बहीण म्हणजे अक्का.

अण्णा एका छापखान्यात मुद्रितं तपासत. कामावरून आल्यावर ते आणि त्यांचे दोघे-तिघे स्नेही पत्रकं काढत. दारूविरुद्ध, शिवाशिवीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. एका बाजूला मराठी, मागे कन्नड. वाटून उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली असत. मी अक्षरं ओळखायला त्या गुलाबी आणि हिरव्या कागदांवर शिकले. शेजारच्या मुली राजकन्येची गोष्ट ऐकत झोपत, मी "बंधूंनो, अजून किती काळ झोपणार?" हे वाचत झोपत असे. अण्णांचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं आणि प्रत्येक वाक्य मला खरं वाटे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

अक्का पत्रकं वाचत नसे. ती गात असे. विहिरीवर, चुलीपाशी, माझे केस विंचरताना. आईला वाटलं, हिला शिकवावं. पुढे उपयोगी पडेल. कुठे उपयोगी पडेल ते आईनं सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

वठारातल्या इतर मुली वीणा शिकत, नाहीतर कर्नाटकी गाणं. आमच्यासारख्या घरांतल्या मुली बाईंकडे जात. बाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या, रेशमाच्या दुकानांच्या मागे. त्या धारवाडकडच्या. लहानपणी वडिलांनी त्यांना एका म्हाताऱ्या गवयापुढे बसवलं होतं. वडील वारले, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर त्या बंगळूरला आल्या. नवरा एका दुकानात कारकून होता. त्यानं सांगून टाकलं होतं, गाणं घरात चालेल, माणसांत नाही. एकदा कोणीतरी त्यांना रेडिओवर गाण्याबद्दल विचारलं, तर नवरा म्हणाला, "रेडिओ? तो तर हॉटेलातही वाजतो." विषय तिथे संपला. पुढे नवरा गेला. आता परवानगी मागायला कोणी नव्हतं, पण तोवर बाईंना माणसांकडे तोंड करून गाता येईनासं झालं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून गात. शिकवतही तशाच. आपली पाठ मुलीकडे, तोंड भिंतीकडे आणि पुढ्यात पाखडायला घेतलेलं तांदळाचं सूप.

पहिल्या दिवशी आई आम्हा दोघींना घेऊन गेली. आई म्हणाली, "फार काही नको बाई. पाच-सहा भजनं आली की पुरे. स्वल्प पेटी वाजवता आली तर बरंच."

"पेटी माझ्या घरात नाही," बाई म्हणाल्या. "आणि भजनं देवळात फुकट शिकवतात." मग अक्काकडे वळून, "मागे अंगणात जा. विहिरीच्या पलीकडे तुझी बहीण उभी राहील. तिला जेवायला हाक मार."

अक्का गोंधळली. तिनं आईकडे पाहिलं. बाहेर जाऊन अगदी बारीक, नाकातल्या आवाजात माझं नाव घेतलं.

"ही कसली हाक?" आतून बाई म्हणाल्या. "ही तर उसनी साखर मागते आहे. अगं, भात निवतोय. ही मेली खेळत बसलीय. अण्णा रागावलेत. आता मार."

अक्कानं हाक मारली. मी दचकले. वरच्या मजल्यावरच्या कन्नड आजी बाहेर आल्या आणि "कोण गं ती, आग लागली का कुठे?" असं त्यांच्या भाषेत विचारू लागल्या. आत बाईंनी तंबोऱ्याची खुंटी पिळली, थोडी मागे घेतली, पुन्हा पिळली. तारेचा सूर अक्काच्या हाकेवर येऊन बसला.

"हा तुझा षड्ज," त्या म्हणाल्या. "मी दिलेला नाही, तू घेऊनच आलीस. मी फक्त सांभाळायला शिकवीन. आणि तो दुसरा आवाज आहे ना, पाहुण्यांपुढचा, तो रोज येताना बाहेर चपलेशेजारी काढून ठेवायचा. जाताना हवा तर घालून जा."

मग त्यांनी माझीही हाक ऐकली. म्हणाल्या, "हिचा आवाज भाषणाचा आहे. हिला शाळेत घाला." मी तेव्हा रागावले होते.

प्रत्येक मुलीला त्या आधी अशी हाक मारायला लावत. मुली येत त्या उंच, चोरट्या आवाजात बोलत येत. मोठ्यांपुढे असंच बोलायचं हे घराघरातून शिकवलेलं असे. बाईंचं म्हणणं होतं की बाईमाणसाचा खरा आवाज कोणाला जेवायला बोलावताना तेवढा बाहेर येतो, कारण तेव्हा तिला लाजायला वेळ नसतो. त्या आवाजात तंबोरा लावायचा आणि महिनोन् महिने तिथेच बसायचं. मागच्या गल्लीत रेशमाच्या मागांचा खटखटाट चाले. त्या आवाजात आपला सा हरवू द्यायचा नाही, एवढाच धडा. चूक झाली तर बाई काही बोलत नसत, तांदूळ पाखडत राहत. सूर बरोबर लागला की सुपाचा आवाज थांबे. अक्का घरी येऊन मला सांगे, "आज सूप दोनदा थांबलं गं." तेवढ्यावर तिचा दिवस जाई.

चिजा त्या तोंडीच देत. त्यांच्या गुरूंनीही तशाच दिल्या होत्या. आधी शब्दांवाचून चाल गुणगुणायची, ती गळ्यात मुरली की मग शब्द. किती चिजा होत्या त्यांच्याजवळ, ते त्यांनाही ठाऊक नसावं. "एक काढली की मागून दुसरी येते," म्हणत. पण कोणतीच मुलगी फार पुढे पोचत नसे. दोन-तीन वर्षांत लग्न ठरे. मग मुलीची आई नारळ आणि खण घेऊन येई. "बाई, हिचं ठरलं." बाई तिच्या सासरी कोण कोण आहे ते विचारत, नारळ कोनाड्यात ठेवत, आणि मायलेकी गेल्या की तंबोऱ्याच्या तारा पार सैल करून टाकत. पुढे बाजारात ती मुलगी भेटली तर तिचं नाव त्यांना आठवत नसे. "थांब, थांब, सांगू नको... पांढरी पाच ना तू?" तिची पट्टी त्यांना बरोबर आठवत असे. मुलगी हसे. कडेवरचं मूल रडू लागे, आणि ती निघून जाई. असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं.

अक्का टिकली. मॅट्रिक झाली तरी जात राहिली. आता तिचा आवाज भरला होता, खाली रुंद आणि वर जाताना न ओरडणारा. आमच्या आईला तो आवडत नसे, वठारातल्या आजींना आवडे. त्या म्हणत, "तुमचं संगीत आम्हाला कळत नाही, पण ही गाते तेव्हा माझी कंबर दुखत नाही."

तेव्हा बाईंनी अण्णांना बोलावून घेतलं. मी बरोबर गेले होते. बाई भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या.

"हिला मला दोन वर्षं द्या. लग्न करू नका असं मी म्हणत नाही. दोन वर्षांनी करा. माझ्याजवळ आहे ते हिच्या गळ्यात घालते. इतक्या मुली आल्या, एवढं मावेल असा गळा हिचाच आहे. मग मी मोकळी."

अण्णांचे डोळे भरून आले. खोटं बोलणार नाही, मी ते पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "माझं घर तसलं नाही. मुलगी म्हणजे दुकानात मांडायचा माल नव्हे, असं मी नुकतंच छापलंय." आणि खिशातून त्याच पत्रकाची प्रत काढून त्यांना दिली.

बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. कोणीतरी त्यांना कागदावर वचन देत होतं, असं पहिल्यांदाच होत असावं. त्यांनी त्याची घडी केली आणि तंबोरा जमिनीवर घासू नये म्हणून भोपळ्याखाली सरकवली. "इथे रोज दिसेल," म्हणाल्या.

पुढचं तुम्हाला सांगायला हवं का? नातेवाईक बोलू लागले. आई मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन, लग्न जुळावं म्हणून राहुकाळात लिंबाचे दिवे लावू लागली. तेव्हा तिकडे जायचं म्हणजे गाव सोडून जाण्यासारखंच होतं. बसवनगुडीतून एक स्थळ आलं, मुलगा बँकेत. अण्णा म्हणाले, नुसतं पाहून जातील, त्यात काय एवढं. पाहुणे यायच्या आधी आईनं खाटेवर मोठी चादर घातली, अगदी जमिनीपर्यंत लोंबणारी. "पाहुणे काय म्हणतील, घर आहे की निवडणुकीची कचेरी?" अण्णांनी चादरीचं एक टोक धरून ती सारखी करायला आईला मदत केली. मी पाहत होते.

केसरीभात झाला, बज्जी झाली. मुलाचे काका म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना गाण्याची फार आवड. होऊ दे."

दुपार कलली होती. अक्कानं भीमपलासी घेतला, कारण त्या वेळेला बाईंनी तोच घ्यायला शिकवला होता. डोळे मिटले आणि आपल्या खालच्या, हाकेतल्या आवाजात सा लावला. तो घरभर पसरला. मग सावकाश एकेक स्वर. वठारातली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हे लोकही हात जोडतील.

काका थोडा वेळ मान डोलावत राहिले. मग घड्याळ पाहिलं. मग अण्णांकडे वाकून म्हणाले, "सूर लागला ना? मग आता गाणं सुरू करू दे की."

"हे गाणंच आहे," अण्णा हळूच म्हणाले.

"हो का! मला वाटलं, तयारी चाललीय." सगळे हसले. मुलाची आत्या पदर तोंडाला लावून शेजारणीला म्हणाली, आणि मी अगदी जवळ होते, "डोळे मिटले तर वाटतं, कोणी बापईमाणूस गातोय."

निरोप चार दिवसांत आला. मुलगी चांगली आहे. आवाज मात्र जाड आहे. अशा आवाजाच्या बायका पुढे घरात वरचढ होतात.

आईनं दुसऱ्याच आठवड्यात पेटीमास्तर लावले. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून यायचे. चांगले गृहस्थ होते, त्यांना दोष देत नाही. लोक मागतील ते विकायचे. "मुलीचा आवाज कसा पाहिजे? बासरीसारखा," म्हणत, आणि अक्काच्या आवाजापेक्षा चांगल्या तीन-चार पट्ट्या वर पेटी धरत. तीन गाणी बसवली. एक भक्तीचं, एक सणाचं, एक पाळण्याचं. तिन्ही गाताना अक्काच्या गळ्याच्या शिरा वर येत. बाईंकडे जाणं आईनं बंद केलं. दोन्हीकडे गेली तर पोरीचा घोटाळा होईल म्हणाली.

तेव्हा बाई आमच्या घरी आल्या. एरवी त्या कोणाकडे जात नसत. अंगणातूनच त्यांना पेटी आणि अक्काचा तो उंच आवाज ऐकू आला असणार. त्या आत आल्या आणि दारातच म्हणाल्या, "ही पट्टी हिची नाही. थांबवा हे. गळा फाटेल."

आई म्हणाली, "बसा ना बाई. कॉफी घ्या."

"कॉफी नको. हिचा आवाज मी पाच वर्षं एका जागी बसवलाय. तुम्ही त्याला ओढून शिडीवर चढवताय."

"मग काय करू, सांगा," आईचा आवाज चढला. "तुमच्या त्या आवाजानं गेलं की स्थळ. बाई, तुम्हाला मुलगी नाही. तुम्हाला नाही कळायचं."

बाई दोन पावलं पुढे आल्या. मग पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत त्या बोलल्या. अण्णांच्या. "तुम्ही मला लिहून दिलं होतं."

अण्णांच्या हातात मुद्रितं होती. त्यांनी ती नीट जुळवली. "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, बाई. एकदा ठरलं की मग हिला हवं ते गाऊ दे. मीच तिच्या सासरी सांगेन."

बाई कॉफी न घेता गेल्या. आमच्याकडे घरी आलेलं माणूस कॉफी न घेता जातं, ते फक्त मयताच्या घरातून. आईनं तो पेला बराच वेळ तसाच ठेवला होता.

मी अण्णांपुढे उभी राहिले आणि त्यांचंच पत्रक त्यांना म्हणून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "पत्रक लोकांसाठी असतं गं." मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं. चष्मा काढून पुसत बसले. त्या दिवसापासून मी त्यांची पत्रकं वाचली नाहीत. स्वतःची लिहायला लागले.

अक्का मात्र भांडली नाही. मी तिला म्हणाले, गाऊ नकोस, तोंड मिटून बस. ती म्हणाली, "आईचं तोंड बघवत नाही गं मला. होतील दोन-तीन महिने. मग बाईंकडे जाईन. बाई मला पुन्हा खाली आणतील."

स्थळं येत राहिली. त्या थंडीत तिला खोकला झाला होता, घसा सुजला होता. पाहुणे तुमकूरहून यायचे होते. आयत्या वेळी नको म्हणता येईना. आईनं मिरे आणि मध चाटवला. पेटीमास्तरांनी पट्टी धरली. पाळण्याच्या गाण्यात वरचा स्वर घेताना अक्काच्या गळ्यातून कापड टरकावं तसा आवाज आला. ती थांबली, हसली, पुन्हा सुरू केलं आणि पुरं केलं. पाहुणे म्हणाले, छान. कळवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी तिला गप्प राहायला सांगितलं. गप्प तर ती तशीही होती. आवाज परत आला तो घोगरा, मधे मधे नुसती हवा होणारा. तो तसाच राहिला.

लग्न त्या वर्षीच ठरलं. मल्लेश्वरमचे लोक. पाहायला आले तेव्हा आई घाईघाईनं म्हणाली, "गाते, पण सध्या घसा जरा..." तर मुलाचे वडील हात हलवून म्हणाले, "सरी, सरी, असू दे. गाणं नको. आमच्या घरात गाण्याची कोणाला आवडच नाही."

मला तेव्हा हसू आलं. अजूनही कधी कधी येतं, आणि मग मला जागेवरून उठून बाहेर जावं लागतं.

नारळ आणि खण घेऊन आईनं मला पाठवलं. आई स्वतः गेली नाही. बाईंनी सासरी कोण कोण आहे हे विचारलं नाही. एवढंच विचारलं, "बोलते कशी?"

"घोगरं," मी म्हणाले.

त्यांनी नारळ कोनाड्यात ठेवला. मी निघाले तेव्हा आतून तारा सैल करण्याचा तो रडका, घसरता आवाज आला.

नंतरची वर्षं मी कॉलेजात, सभांत, छापखान्यांत घालवली. बाईंकडे जाणाऱ्या मुली कमी झाल्या. आता मुलींना टायपिंग येतं का ते विचारत होते. मी अधूनमधून जात असे. गाण्यासाठी नाही, नुसती बसायला. त्या तांदूळ पाखडत. सूप कधी थांबत नसे.

एका गौरीच्या सणाला अक्का माहेरी आली. मी तिला जवळजवळ ओढतच बाईंकडे नेलं. ती दारातच घुटमळली. तिला त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नव्हतं. बाईंनी भिंतीकडे पाहतच "ये" म्हटलं. दोघी तशाच बसल्या. एवढ्यात अक्काचा मुलगा बाहेर विहिरीच्या काठावर चढला. अक्कानं ते पाहिलं आणि जागेवरूनच त्याला हाक मारली. फाटकी, घोगरी, पण सगळ्या अंगातून आलेली.

बाईंचा हात खुंटीवर गेला.

मुलाला खाली उतरवून आम्ही आत आलो, तोवर त्या तार लावत होत्या. खाली, आणखी खाली. कान तंबोऱ्याला टेकलेला. "स्वल्प खाली गेलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इथे आहे. आहे, आहे. सा लाव."

"बाई, आता काय राहिलंय माझ्यात?"

"मी विचारलं का काय राहिलंय? सा लाव."

अक्कानं सा लावला. आधी नुसती हवा. मग खरखर. मग त्या खरखरीतून एक स्वर वर आला आणि तारेला चिकटून उभा राहिला. बाईंचं सूप त्या दिवशी पुढ्यात नव्हतं, हात मोकळे मांडीवर होते. पण त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. मग स्वर फाटला, आणि अक्का गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली.

बाई वळल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला. "सरी. आज एवढंच. परवा ये. वर जायचं नाही आता, खालीच पुष्कळ जागा आहे. रोज स्वल्प बसू. मग मी तुला एकेक द्यायला लागते."

अक्का परवा गेली नाही. परवा सासूबाईंच्या माहेरचं कोणी येणार होतं. मग मुलाला गोवर झाला. मग दिवाळी आली, मग सासऱ्यांचं आजारपण. तिला कोणी अडवलं नाही. कोणी तिला जाऊही दिलं नाही. दर वेळी भेटली की म्हणे, "बाईंना सांग, येतेच." मी सांगत असे. त्या म्हणत, "बरं."

उन्हाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. दुपारी त्यांच्या घरी पोचले तेव्हा नवऱ्याचा पुतण्या सामान आवरत होता. तंबोरा कोपऱ्यात उभा होता. माझा हात सहज तारांवरून फिरला.

तारा सैल केलेल्या नव्हत्या. मला गाण्यातलं फार कळत नाही, माझा आवाज भाषणाचा. पण तो सूर मला ओळखता आला. सणाच्या त्या दिवशी विहिरीकडे गेलेली अक्काची हाक. तार रोज उतरते, रोज लावावी लागते. त्या दिवसापासून बाई रोज तो तंबोरा त्या एका न येणाऱ्या मुलीच्या पट्टीत लावून ठेवत होत्या.

भोपळ्याखाली गुलाबी कागदाची घडी होती. झिजून कापडासारखी झालेली. मी ती घेतली. तंबोरा पुतण्यानं नेला. चिजा बाईंबरोबर गेल्या, आणि त्या कोणत्या होत्या हे सांगायलाही आता कोणी नाही. अक्काजवळ आहेत तेवढ्या अक्काजवळ आहेत. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती नुसती निवडत राहिली.

माझं हे पत्रक लोकांसाठी नाही. एकट्या तुमच्यासाठी आहे. पुढच्या खेपेला मुलासाठी, पुतण्यासाठी मुलगी पाहायला जाल, तेव्हा गाणं मागू नका. शेजारी कोणी मागितलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. आणि तुमच्या स्वतःच्या घरात एक बाई आहे, जिला तुम्ही एकदा बसून गायला लावलं होतं आणि नंतर कधी विचारलं नाही. आज ती कोणाला तरी जेवायला हाक मारील. तेव्हा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवा आणि ती हाक नीट ऐका. मग तिला म्हणा, "बस. तुझ्या आवाजात गा. कितीही वेळ लागू दे." आणि भात आपल्या हातानं वाढून घ्या.